मामाची मांडी

निझामाच्या राज्यात शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची. त्या दिवशी सकाळी सरूमावशी गुलाबला परसातल्या दगडावर बसवून न्हाऊ घालायची आणि गल्लीतली पोरं तो सोहळा बघायला कुंपणाला लटकायची. आधी शिकेकाईचं पाणी, मग करडईचं तेल, मग फणी. फणी एकदा त्या केसांत शिरली की दोन दात आत ठेवूनच बाहेर यायची. केस लांब नव्हते वाढत, गोल गोल वाढत होते. पिंजलेला कापूस काळ्या रंगात बुडवून डोक्यावर ठेवला तर जसं दिसेल तसं ते दिसायचं. न्हाणं आटोपलं की मावशी त्याच्यावरून एक लाल फडकं घट्ट बांधायची आणि म्हणायची, "जा आता, खेळ."

ते लाल फडकं आमच्या दुकानातलं. आमचं घर शिंप्याचं. पुढं दुकान, मागं बिऱ्हाड. वसमतेत आमच्या गल्लीचं वरलं तोंड हिंदूंचं आणि खालचं मुसलमानांचं होतं, आणि सरूमावशीचं घर बरोबर मधे, आमच्या समोर. गुलाब माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मला अक्का म्हणायचा. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, पण लोकांना कुणाबद्दल हळहळ वाटली की मला तोच आठवतो, आणि मग मला उगीच राग येतो. कुणाचा ते आजवर ठरवता आलेलं नाही.

त्याचे वडील मुबारक जमादार. तहसील कचेरीतल्या खजिन्यावर पहारा द्यायला हैदराबादेहून आलेले. हबशी. त्यांच्या आजोबांना कुणीतरी समुद्रापलीकडून सरकारच्या घोडदळासाठी आणलं होतं म्हणे. सहा फुटांचा माणूस, कोळशासारखा काळा, आणि आवाज असा मऊ की दारात उभा राहून हाक मारली तर आतल्या माणसाला वाटावं, कुणी बाईच आली. सरूमावशी कुरुंद्याची, चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरची, लहानपणीच विधवा झालेली. या दोघांचं कुठं आणि कसं जमलं ते मला ठाऊक नाही, आणि आमच्या घरात तो विषय निघाला की आई मला पाणी आणायला पिटाळायची. निकाह झाला होता म्हणत. पण मावशीनं नाव बदललं नाही की दारातली तुळस उपटली नाही, आणि जमादारांनी तसं कधी सांगितलंही नाही.

पोरगा झाला तेव्हा नाव काय ठेवायचं यावर दोघांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. गुलाब. गुलाब पाटलांतही असतो आणि पठाणांतही. भांडण लागलं ते केसांवरून. जमादारांच्या रीतीप्रमाणे सातव्या दिवशी अकीका करायचा, म्हणजे बकरं कापायचं आणि लेकराचं डोकं करायचं. मावशी म्हणाली, आमच्यात जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामा लेकराला नवे कपडे घालतो, मांडीवर घेतो, तेव्हा वस्तरा लागतो. माझ्या भावानं मला टाकलं असेल, पण भाच्याला तो टाकणार नाही. मांडी आधी, बाकीचं मग. जमादार बायकोच्या तोंडाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ठीक है सरू. तेरा भाई आए तक रुकते." मावशीच्या शेजारच्या चाँदबी चाचीनं हे आपल्या कानांनी ऐकलं होतं आणि ती ते मरेपर्यंत सांगत होती, प्रत्येक वेळी डोळे पुसून.

भाऊ आला नाही. गुलाब चार वर्षांचा असताना जमादार तापानं गेले, तोवरही आला नाही. पण मावशी हटली नाही. हट्टाला माणसं वेडेपणा म्हणतात, आणि असेलही तो. सासर नाही, माहेर नाही, नवरा नाही अशा बाईकडं उरतं काय? तिच्याकडं एक लेकरू होतं आणि त्याचं न काढलेलं जावळ होतं.

आता रंगाचं म्हणाल तर आमच्यात तरी कोण चाफ्याच्या कळीसारखं होतं? माझे बाबाच तव्याच्या बुडासारखे. पण बाबांचा काळेपणा उन्हाचा होता आणि गुलाबचा बापाचा, एवढा फरक गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होता. हबशी, जटाळ्या, भुताचं लेकरू. हिंदूंची पोरं म्हणायची आणि मुसलमानांचीही म्हणायची. या एका बाबतीत दोघांचं चांगलं जमायचं. गुलाब कुठल्याही हाकेला ओ द्यायचा. मी एकदा चिडून विचारलं, "तू त्यायला ओ काहून देतो रे?" तर म्हणाला, "अक्का, ओ न्हाई दिली तर ते दुसरं नाव ठेवतेत. नाव वाढतेत उगी."

शाळेत पाण्याचे दोन माठ होते. एक हिंदूंचा, एक मुसलमानांचा, आणि दोन्ही माठांपाशी एकेक पाणी पाजणारा. गुलाब पहिल्या दिवशी एका माठापाशी गेला तर त्यानं दुसरा दाखवला, दुसऱ्यापाशी गेला तर त्यानं विचारलं, "तेरा अकीका हुआ क्या?" नाही म्हटल्यावर त्यानं पुन्हा पहिला दाखवला. गुलाबला वाटलं हा खेळ आहे. चार खेपा घातल्यावर त्याच्या लक्षात आलं, की खेळ नाही. तेव्हापासून मधल्या सुट्टीत तो धावत आमच्या दुकानात यायचा. बाबा त्याला पाणी द्यायचे. अगदी प्रेमानं द्यायचे, पण वरून, ओंजळीत. भांडं त्याच्या ओठांना लागणार नाही याची काळजी घेऊन. माझे बाबा फार चांगले होते असं मी नेहमी सांगते, आणि ते खरंच आहे. त्या वेळच्या चांगुलपणाची उंची एवढीच होती, वीतभर वरून पाणी ओतण्याएवढी. गुलाब घटाघट प्यायचा, तोंड पुसायचा आणि म्हणायचा, "काका, तुमच्या पाण्याला गोडी हाय."

मास्तरांनी दोनदा दटावलं, डोकं करून ये नाहीतर शाळेत येऊ नको. तेव्हा सरूमावशी पदर खोचून शाळेत गेली आणि म्हणाली, "पुढल्या बाजाराला त्याचा मामा येनार हाय. एवढा बाजार होऊ द्या." मग पुढला बाजार, मग त्याच्या पुढला. शेवटी मास्तरांनीच नाद सोडला.

आणि मामा येत होता, हीच तर यातली गंमत. दर बाजारी येत होता. कुरुंद्याहून हळद घेऊन त्याची बैलगाडी आमच्याच गल्लीच्या तोंडावरून अडतीकडं जायची. दत्तराव मामा म्हणजे किडकिडीत, ताठ, मोठ्या पागोट्याखाली बारकंसं तोंड असलेला माणूस. गल्लीपाशी आला की त्याला आपल्या बैलांच्या शिंगांत एकदम काहीतरी दिसायला लागायचं. मान तिकडंच. मावशी गुलाबला न्हाऊ-माखू घालून, सदरा चढवून, त्या दिवशी मुद्दाम डोक्यावरचं फडकं न बांधता दारात उभं करायची. गाडी गेली की आत न्यायची. कुणाला शिवी नाही, शाप नाही. एवढी वर्षं मी ते बघितलं, आणि बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानातलं मशीन त्या वेळेला आपोआप थांबायचं.

एकदा मात्र गुलाब आईच्या हातातून सुटला. सात-आठ वर्षांचा असेल. धावत गेला आणि गाडीचं साटं धरून ओरडला, "मामा!" बैल बुजले. दत्तरावांनी कासरा ओढला. बाजाराला जाणारी चार माणसं थांबली. आता काय होतंय म्हणून आम्ही सगळे दारात. मामा त्याच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "कोनाचं रे लेकरू?"

"सरूचं," गुलाब म्हणाला.

मामानं शिदोरीच्या फडक्यातून गुळाचा खडा काढला आणि वरून त्याच्या तळहातावर टाकला. "व्हय बाजूला. चाकाखाली येशील," म्हणाला आणि गाडी हाकली.

गुलाब नाचत घरी आला. "आये, मामानं मला इचारलं! कोनाचा म्हून इचारलं!" मावशीनं तो गुळाचा खडा त्याच्या हातातून घेतला, देवळीत ठेवला आणि भिंतीला टेकून बसली ती दिवेलागणीला उठली. गुलाबला मात्र पुढं आठवडाभर तेच. मला येऊन सांगायचा, "अक्का, मामाची करंगळी वाकडी हाय. आईची हाय ना, तशीच बराबर."

दत्तरावांना राक्षस करून टाकणं सोपं आहे. आमची गल्ली तेच करायची. पण त्यांना तीन मुली होत्या आणि भावकीनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं, की हबशाच्या पोराला मांडीवर घ्यायचं तर घे, पण मग पोरी घरातच म्हाताऱ्या कर. तीन पोरींचा बाप या वाक्यापुढं काय करतो ते मी माझ्या डोळ्यांनी पुष्कळ ठिकाणी बघितलं आहे. म्हणून मला त्यांचा पुरता राग करता येत नाही, आणि त्यामुळंच जास्त वाईट वाटतं. पुरता राग करता आला असता तर बरं झालं असतं.

गुलाब बारा-तेरा वर्षांचा झाला तेव्हा हैदराबादेहून त्याचा चुलता आला. चांगला माणूस. म्हणाला, भावजय, पोराला माझ्याकडं द्या, अकीका करतो, कामाला लावतो, आपल्या माणसांत राहील. मावशीनं जाऊ दिलं, पण केसांना हात लावायचा नाही या बोलीवर. महिनाभरानं गुलाब एकटाच रेल्वेनं परत आला. मी विचारलं, काय झालं? तर आमच्या ओट्यासमोर उकिडवा बसून मातीत रेघोट्या ओढत म्हणाला, "तिथं समदे माझ्यावानीच हायेत अक्का, बापावानी. मला लई बरं वाटलं पहिल्या दिवशी. मंग मी बोललो तर हसले. म्हनले, ये तो मरहट्टा है. माझं कातडं बी त्यायला उजळ दिसलं." आणि मग स्वतःच खो खो हसत, "तिथं मी मरहट्टा, इथं मी हबशी. गाडीत बसलो व्हतो तेवढा येळ कोनीच न्हाई इचारलं."

हे हसणं त्याचं खास होतं. मान मागं टाकून, सगळे दात दाखवून. दिवाळीला आमच्याकडची करंजी आणि ईदेला चाँदबी चाचीचा शीरखुर्मा दोन्ही चापून खायचा आणि म्हणायचा, "लोक म्हंतेत दोन घरचा पाहुणा उपाशी. कोन म्हंतं? माझं तर पोट फुटून राहिलं." कुणाच्याही घरी गेला तरी बस म्हटल्याशिवाय बसायचा नाही, आणि बस म्हटलं तरी आधी विचारायचा, "कुठं बसू?" हा प्रश्न त्यानं इतक्या सहज विचारावा हे मला तेव्हा विनोदी वाटायचं. आता नाही वाटत.

थोराड झाला तसा तो हळदीच्या अडतीवर लागला. वाळलेली हळद गोणपाटावर घासून चकचकीत करायचं काम. आठ-दहा माणसं कोंदट खोलीत दिवसभर हळद घासत, आणि संध्याकाळी बाहेर पडत ती पापण्यांपासून पायाच्या नखांपर्यंत पिवळीधमक. कोण मराठा, कोण मुसलमान, कोण तांड्यावरचा, काही कळत नसे. गुलाबला ते काम मनापासून आवडायचं. नदीवर बाकीचे खसाखसा अंग घासत असताना हा तसाच पिवळा गल्लीतून घरी यायचा. चाची ओरडायची, "नहा के आ रे, शैतान!" हा म्हणायचा, "ऱ्हाऊ दे चाची. आजचा दिस लगीनघर हाय."

त्याच सुमारास मी त्याला एकदा म्हटलं, "गुलाब, आता मिसरूड फुटलं तुला. कशाला आईच्या हट्टापायी हे ओझं वागवतो? जा न्हाव्याकडं आणि हो मोकळा." तो नेहमीप्रमाणं हसला नाही. म्हणाला, "मी काढले, तर मामाला येण्याचं कारणच उरत न्हाई ना अक्का." तोवर मला वाटत होतं, की वाट फक्त मावशीच बघते आहे.

मग माझं लग्न झालं आणि मी परभणीला गेले. सरूमावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी योगायोगानं माहेरी होते. दोन दिवसांच्या हगवणीनं गेली. आमच्याकडं बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. मुसलमानांपैकी काही जाणते म्हणाले, निकाह झालेला आहे, आम्ही नेतो. हिंदूंपैकी कुणी काहीच म्हणालं नाही. गुलाब म्हणाला, "आईनं जळायचं म्हनलं व्हतं. आन माहेरच्या लुगड्यात." कुरुंद्याला माणूस धाडला. ऊन डोक्यावर आलं, कललं. आमचे बाबा, चाँदबीचा नवरा आणि गुलाब तिघं ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत होते. शेवटी बाबांनी दुकानातलं कोरं कापड फाडलं आणि मावशी त्यात गेली. खांदा द्यायला चौथा माणूस अडतीवरून आला, पिवळ्या हातांनी.

नदीवर न्हावी होता. आईच्या नावानं मुलगा केस देतो, ही तर उघड रीत. गुलाब म्हणाला, नाही. माणसं हादरली. आईसाठी केस न देणारं पोरगं त्यांनी बघितलं नव्हतं. "जे तिनं राखलं, ते तिच्याच नावानं कसं काढू?" एवढंच तो बाबांना म्हणाला. संध्याकाळी सरण विझल्यावर कुरुंद्याचा गडी गल्लीच्या तोंडाशी उभा. हातात हिरवं लुगडं. दत्तरावांच्या धाकट्या पोरीचं लग्न चार दिवसांवर होतं, म्हणून त्यांना येता आलं नाही. लुगडंही भावकीच्या नजरेआडून पाठवावं लागलं. गुलाबनं ते दोन्ही हातांनी घेतलं, गड्याला पाणी विचारलं, आणि तो गेल्यावर लुगडं चाँदबी चाचीच्या मांडीवर ठेवलं. "तू नेस चाची," म्हणाला.

त्यानंतरची वर्षं वाईटच होती, सगळ्यांना. निझामाची राजवट जाणार की राहणार याची ओढाताण चालली होती. गावात रात्री-बेरात्री कोण कुणाच्या दारावर थाप मारील याचा भरवसा नव्हता. गुलाबला त्या दिवसांत खालच्या गल्लीतल्यांनी दोनदा अडवून बजावलं, तू मरहट्टी बाईचा, इकडं फिरू नको. मग अठ्ठेचाळीस साली फौज आली, राजवट गेली, आणि वारं फिरलं. आता वरच्या गल्लीतली माणसं त्याला अडवायला लागली. ज्यांच्याबरोबर तो हळद घासत होता त्यांतलाच एक जण म्हणाला, तुझं डोकंच सांगतंय तू कोण ते. खेड्यापाड्यांतून फार वाईट बातम्या येत होत्या. मी त्या सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी त्या घडल्या त्यांना माहीत आहेत.

मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आले होते. चाँदबीचा नवरा आदल्या वर्षीच वारला होता. म्हातारी एकटी. तिची लेक हैदराबादेत, तिच्याकडं तिला पोचवायचं गुलाबनं ठरवलं होतं. आपणही तिकडंच बघतो काही काम म्हणाला. जायच्या दिवशी सकाळी स्टेशनावर न्यायला भाड्याची बैलगाडी दारात उभी, चाचीचं बोचकं आत, चाची वर बसलेली. आणि तेवढ्यात गल्लीत दुसरी गाडी शिरली. कुरुंद्याची.

दत्तराव मामा खाली उतरला. पागोटं तेवढंच मोठं, माणूस मात्र पार वाळला होता. पाठोपाठ धोपटी घेतलेला न्हावी. मामाच्या हातात फडक्यात बांधलेले नवे कपडे. त्या गुळाच्या खड्यानंतर पहिल्यांदा त्यानं बैलांकडं न बघता समोर बघितलं. "गुलाब," म्हणाला. त्याला नाव माहीत होतं. आमच्या बाबांच्या हातातली कात्री खाली पडली.

गुलाब जवळ गेला. त्याच्यापुढं मामा लहान लेकरासारखा दिसत होता.

"चल बाबा, पारावर चल," मामा म्हणाला. "समद्या गावादेखत तुला मांडीवर घेतो. जावळ काढतो. माझा भाचा हाय म्हनून सांगतो, मंग कोनाची माय व्यालीय तुला हात लावायची ते बघतो. पोरी उजवल्या माझ्या. आता मला कोनाचं भेव न्हाई."

गुलाबला हसू आलं. तेच, सगळे दात दाखवून. "मामा, आता तुमची मांडी मोडंल."

"मोडू दे," मामा म्हणाला आणि रडायला लागला. न्हावी दुसरीकडं बघू लागला.

गुलाबचं हसू हळूहळू गेलं. मला वाटलं, आता हा जातो. पारावर जातो, बसतो, आणि संपतं एकदाचं हे सगळं. चाचीनंही गाडीतून हात हलवला, "जा बेटा, जा. मेरी फिकर नक्को कर." पण तो तिथंच उभा राहून मामाला म्हणाला, "पारावर काहून मामा? घरात चला. आईच्या घरात. तिथं घ्या मला मांडीवर, तिथंच काढा केस. मंग म्हनाल तिथं येतो."

"पारावर झालं तर लोक बघतील..."

"लोकायनं बघावं म्हून आईनं केस राखले न्हाईत मामा. तुमी जवळ घ्यावं म्हून राखले. चला. आंदर चला."

घराचं दार उघडंच होतं. मामा दारापर्यंत आला. आत सरूमावशीची चूल, देवळी, खुंटीवर मुबारक जमादारांचा जुना खाकी पट्टा. मामानं आत बघितलं आणि त्याचा पाय थांबला. हबशाच्या घरात पाय टाकायचा होता. फार वेळ नाही थांबला तो. मी आमच्या दारातून बघत होते. सुईत दोरा ओवायला लागतो त्याहून जास्त वेळ नसेल. जन्मभराची सवय होती ती, माणूस वाईट नव्हता. तो गावापुढं उभा राहायला तयार होता, प्रसंगी मार खायला तयार होता. पण बहिणीच्या घरात जायला त्याला एक क्षण लागला, आणि गुलाब त्याच्या पायाकडंच बघत होता.

त्यानंतर मामा आत गेला. खरंच गेला. आत जाऊन जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्यानं हाक मारली, "ये रे." पण तोवर गुलाबनं मागं फिरून चाचीचं पाण्याचं भांडं गाडीत चढवलं होतं.

तो दारात आला, वाकला, आणि त्यानं मामाच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुमी आलात, आई बघत असंल तर लई खूश झाली असंल," म्हणाला. "पन चाचीची गाडी चुकंल." मामानं त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला नाही. मामाच्या हातातली पकड आपोआप सुटेपर्यंत थांबला. मग जमिनीवरचं कपड्यांचं फडकं उचलून म्हणाला, "हे नेऊ ना मामा?" मामानं मान हलवली.

बाहेर येऊन गुलाबनं गाडीपाशी अंगातला जुना सदरा काढला आणि नवा चढवला. पांढरा मांजरपाट, कुरुंद्याच्याच शिंप्याचा हात. शिंप्याच्या पोरीला लांबूनही कळतं. खांदे काखेत रुतले होते, बाह्या कोपराच्या जरा खालीच संपत होत्या, पुढची बटणं काजांपर्यंत पोचत नव्हती. एखाद्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या मापानं शिवलेला होता तो. त्या एका वेळेनंतर मामानं कधी मान वर करून बघितलंच नव्हतं, तर माप कुठून येणार?

आमच्या बाबांना राहवलं नाही. ते कात्री घेऊन दुकानातून धावत बाहेर गेले. "थांब लेकरा, कड दुमडलेली आहे, शिवण उसवून देतो. एका मिनिटात होईल."

गुलाबनं छातीवरची दोन्ही टोकं एका हातानं जवळ धरली.

"ऱ्हाऊ द्या काका," तो म्हणाला. "मामानं शिवून आनलाय." आणि गाडीवानाला म्हणाला, "चल."